टॅब्लेट घ्यायचाय? आधी ए-फोर कागद समोर ठेवा

टॅब्लेट निवडताना बहुतेक जण प्रोसेसर, रॅम आणि कॅमेऱ्याचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसतात. मी आधी एक साधा ए-फोर कागद समोर ठेवायला सांगेन. त्याचा कर्ण १४.३ इंच भरतो, आणि टॅब्लेटच्या पडद्याचे इंचही कर्णावरच मोजतात. नोट्स, अहवाल, प्रश्नपत्रिका अशा बहुतेक पीडीएफ याच मापाच्या असतात.

११ इंची आयपॅड उभा धरला की हे पान मूळ आकाराच्या साधारण ७५ टक्क्यांवर येतं. तेवढ्याच ११ इंचांचा सॅमसंग गॅलॅक्सी टॅब उभा धरला तर ७० टक्के, कारण त्याच्या पडद्याचं प्रमाण १६:१०, म्हणजे लांबी जास्त आणि रुंदी कमी. ८.३ इंची आयपॅड मिनीवर ते ५५ टक्क्यांवर घसरतं: १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं दिसतं. १३ इंचीवर मात्र जवळपास ९० टक्के.

माझा पहिला टॅब्लेट मी हलका म्हणून छोटाच घेतला होता. कादंबऱ्या सुरेख वाचल्या, पण पीडीएफ उघडली की प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. म्हणून हे इतकं कळकळीने सांगतोय.

उलट ज्याला ई-बुकच वाचायची आहेत त्याने मिनीच घ्यावा. ई-बुकात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात, त्यामुळे लहान पडदा नडत नाही. शिवाय मिनी ३०० ग्रॅमच्या आसपास, ११ इंची आयपॅड साडेचारशे-पावणेपाचशेच्या आसपास आणि १३ इंची सहाशेच्या आसपास. पडून एका हातात धरताना हा फरक मनगटाला लगेच कळतो. सिनेमे बघणाऱ्यासाठी पारडं सॅमसंगकडे झुकतं, कारण आडवा धरल्यावर त्याच्या रुंद पडद्यावर चित्राच्या वर-खाली काळे पट्टे कमी पडतात.

हाताने लिहिणार असाल तर पेनाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. गॅलॅक्सी टॅब एस मालिकेत एस पेन खोक्यातच मिळतो आणि लिहिण्यापुरतं त्याला चार्जिंग लागत नाही. अ‍ॅपल पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, आणि कुठली पेन्सिल कुठल्या आयपॅडला चालते हे मॉडेल नंबर बघूनच ठरवावं लागतं. यूएसबी-सी वाल्या पेन्सिलला दाब कळत नाही. नोट्स काढायला तिने काही अडत नाही, चित्रकाराची मात्र अडचण होते, कारण दाबानुसार रेघ जाड-बारीक होत नाही. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांत किंचित पोकळी असते, त्यामुळे टोक एकीकडे आणि रेघ जराशी खाली उमटल्यासारखं वाटतं. आयपॅड एअरमध्ये हे दोन्ही थर चिकटवलेले असतात. चित्रं काढणाऱ्याने एअरच्या खाली उतरू नये असं मला ठाम वाटतं. आणि स्वस्तातल्या अनेक अँड्रॉइड टॅब्लेटना पेन ओळखणारी यंत्रणाच नसते. त्यांच्यासाठी मिळणारी साधी स्टायलस बोटाचंच काम करते, म्हणून तळहात टेकला की तिथेही रेघा उठतात.

टायपिंगचं काय? इथे मायक्रोसॉफ्ट सरफेस प्रो पुढे आहे, कारण त्यात पूर्ण विंडोज चालतं. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करणाऱ्या छोट्या सूचना, आयपॅड किंवा अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, सरफेसवर चालतात. पण २०२४ च्या मॉडेलचं वजन कीबोर्डशिवायच ९०० ग्रॅमच्या जवळ आहे, कीबोर्ड बहुधा वेगळा घ्यावा लागतो, आणि मांडीवर ठेवला की मागचा स्टँड डुगडुगतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा सरफेस घेणार असाल तर घरातल्या जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावर चालतो का, हे आधी तपासा. रोज तास-दोन तास टाइप करायचं असेल तर टॅब्लेटचा विचार सोडून लॅपटॉप घ्या.

प्रोसेसरपेक्षा मला अपडेटची वर्षं महत्त्वाची वाटतात. २०१४ साली आलेल्या आयपॅड एअर २ ला २०२१ ची आयपॅडओएस १५ ही सिस्टीम मिळाली होती. सॅमसंगने टॅब एस ९ ला पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं, तर टॅब एस १० ला सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त टॅब्लेटना बहुधा यापेक्षा बरीच कमी वर्षं मिळतात. ती संपली तरी यंत्र चालू राहतं, पण पुढे एकेक अ‍ॅप नवी आवृत्ती मागायला लागतं. लहान मुलाला गोष्टी आणि गाणी दाखवायला असा टॅब्लेट पुरेल. बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील तर मी घेणार नाही.

स्टोरेज आयपॅडमध्ये नंतर वाढवता येत नाही. अनेक गॅलॅक्सी टॅबमध्ये मायक्रोएसडी कार्ड बसतं, पण ते सिनेमे आणि फायलींसाठी. अ‍ॅप मुख्यतः आतल्या जागेतच राहतात. गाडीत नकाशा लावायचा असेल तर आणखी एक गोष्ट बघा: फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं.

दुकानात जाताना स्वतःची एक पीडीएफ ईमेलवर ठेवून जा. मांडून ठेवलेल्या यंत्रावर ती उभ्या पानात उघडा आणि चिमटीने मोठी न करता दोन पानं वाचा. पेन असेल तर तळहात टेकवून अर्धं पान लिहा. मग तोच टॅब्लेट पाच मिनिटं एका हातात धरून उभे राहा.