पोर्टल: ग्लॅडॉससाठी खेळावा असा गेम

व्हॉल्व्ह कंपनीचा ‘पोर्टल’ २००७ साली ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचातून आला. खेळणाऱ्याच्या हाती पोर्टल, म्हणजे भिंतीवर एकमेकांना जोडलेली दोन दारं, उघडणारी बंदूक असते; एका दारातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. कोड्यांचा गेम म्हणून त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. हे परीक्षण मात्र त्यातल्या खलनायिकेचं, म्हणजे ग्लॅडॉसचं आहे. स्वतःचा गेम बनवणाऱ्या आणि त्यात खलपात्र कसं उभं करायचं या प्रश्नाशी झुंजणाऱ्या कुणालाही आधी हा तीन-चार तासांचा गेम खेळायला सांगावं, इतकं तिचं काम पक्कं आहे. पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलं आहे, तेव्हा गेम खेळलेला नसेल तर आधी खेळून या.

गेम सुरू होतो तो काचेच्या खोलीत. पलंग, रेडिओ, कमोड आणि एक मिनिट उलटं मोजणारं घड्याळ. मग छतातून एका बाईचा यांत्रिक आवाज स्वागत करतो, सुरक्षेची सूचना द्यायला लागतो आणि नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी बिघडून स्पॅनिशमध्ये घसरतो. सूचना कानावर पडतच नाही आणि दार उघडतं. खलनायिकेची ओळख इतक्यावरच झाली: ती यंत्रणा आहे, ती बिघडलेली आहे आणि तुमच्या जिवाशी तिला फारसं देणंघेणं नाही. एकही वाक्य धमकीचं नाही.

या आवाजाची घडण मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. लेखक एरिक वोल्पॉ यांनी कच्च्या संवादांसाठी मजकूर वाचून दाखवणारा संगणकी आवाज वापरला होता. तो इतका मजेशीर वाटला की खऱ्या आवाजालाही तोच सूर द्यायचं ठरलं. ऑपेराचं शिक्षण घेतलेल्या एलन मॅकलेन यांनी त्या वाचनाची नक्कल केली आणि त्यावर पुन्हा ध्वनिप्रक्रिया झाली. माणसाने यंत्राची नक्कल करायची आणि ती यंत्रातून गाळून घ्यायची, असा उलटा प्रवास आहे हा. म्हणून शब्दांवरचे आघात किंचित चुकीच्या जागी पडतात आणि खाली माणूस जाणवत राहतो. नुसता रोबोटचा इफेक्ट लावलेल्या आवाजांत हे जमत नाही. तिथे अभिनय आधी होतो, यंत्र वरून चिकटवलं जातं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

तिची वाक्यं कशी बांधली आहेत ते पाहा. ‘अ‍ॅपर्चर सायन्स’ या कंपनीच्या चाचणी कक्षांत, जिथे आपल्याला एकामागून एक कोडी सोडवावी लागतात, ती बोलते ते संस्थेच्या तोंडाने. कर्ता असतो ‘केंद्र’ किंवा ‘आम्ही’. जमिनीला स्पर्श झाल्यास तुमच्या नोंदवहीत असमाधानकारक शेरा पडेल आणि त्यानंतर मृत्यू ओढवेल, हे ती एकाच पट्टीत सांगते. आधी शेरा, मग मृत्यू. हा क्रम उलटा केला असता तर वाक्य साधी धमकी झालं असतं. एका कक्षाबद्दल ती खेद व्यक्त करते की ही चाचणी सोडवणं अशक्य आहे, प्रयत्न करू नका. एका ठिकाणी तर आधीचं विधान धादांत खोटं होतं, अशी अधिकृत कबुलीही देते. खोटं बोलणाऱ्या खलपात्राची नेहमीची अडचण ही की खोटं पकडलं गेलं की त्याची भीती संपते. ग्लॅडॉस स्वतःच ते पकडून देते, तरी पुढच्या वेळी आपण तिच्या सूचनेवरच चालतो, कारण दुसरा आवाजच नाही. आपलं पात्र, चेल, संपूर्ण गेममध्ये एक शब्द बोलत नाही. निरीक्षणाच्या खोल्यांच्या धुरकट काचांमागे खुर्च्या रिकाम्या आहेत.

एकोणिसाव्या कक्षानंतर चेल निसटते आणि तिथून ग्लॅडॉसच्या तोंडी ‘मी’ वाढत जातो. परत फिर, नाहीतर मी तुला मारीन. इतका वेळ ऐकलेली परिपत्रकी भाषा फाटते आणि आतून दुखावलेली, लोचट, चिडलेली व्यक्ती बाहेर येते. संहिता लिहिणाऱ्यांनी उचलावी अशी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. पात्राचा प्रवास सर्वनामांतून दाखवता येतो, त्याला पूर्वकथेची गरज लागत नाही.

आता नाव. ‘जेनेटिक लाइफफॉर्म अँड डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम’ या लांबलचक पदनामाच्या आद्याक्षरांतून ‘ग्लॅडॉस’ तयार झालं. शेवटची तीन अक्षरं जुन्या काळ्या पडद्यावरच्या, आज्ञा टाइप करायच्या ‘डॉस’ची. एकूण उच्चार मात्र ‘ग्लॅडिस’ या इंग्रजीतल्या जुन्या वळणाच्या बाईच्या नावाजवळ जातो. म्हणजे निम्मं सरकारी यंत्र, निम्मी शेजारची मावशी. आवाजात जे आहे तेच नावात आहे, म्हणून नाव लक्षात राहतं. कक्षांमधून ती स्वतःची ओळख या नावाने करून देत नाही. मागच्या कार्यालयांत, एका बैठकीच्या खोलीतल्या स्लाइड्सवर ते सापडतं, आणि तिथे ती निव्वळ कंपनीचं एक उत्पादन असते. श्रेयनामावली टर्मिनलच्या पडद्यासारखी, अक्षरांनी काढलेल्या चित्रांसह येते आणि नावातला ‘डॉस’ शेवटी डोळ्यांना दिसतो.

नावाला टेकू मिळतो तो आजूबाजूच्या नावांचा. जमिनीवरचं साधं लाल बटण इथे ‘१५०० मेगावॅट अ‍ॅपर्चर सायन्स हेवी ड्यूटी सुपर-कोलायडिंग सुपर बटन’ असतं. वस्तू नष्ट करणारा पडदा ‘मटेरियल इमॅन्सिपेशन ग्रिल’, म्हणजे वस्तूंना मुक्ती देणारी जाळी. जिथे जाळून टाकण्याला मुक्ती म्हणतात, तिथल्या मुख्य यंत्राला कुठलं नाव शोभेल हे वेगळं सांगावं लागत नाही. होतकरू गेम बनवणारे बहुतेकदा इथेच घसरतात: खलपात्राला भारदस्त, काळोखं नाव देतात आणि त्याच्या दुनियेतल्या दारांना, शस्त्रांना, खात्यांना काहीच नाव देत नाहीत. मग ते नाव उपरं वाटतं.

सतराव्या कक्षातला कम्पॅनियन क्यूब हा या गेममधला सर्वांत नेटका धडा. रचनाकारांची मूळ अडचण साधी होती. कक्ष पार करायला एकच ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यावा लागायचा आणि खेळणारे तो मागेच विसरायचे. उपाय म्हणून त्यावर हृदयाची खूण आली आणि तो तुमचा सोबती असल्याचे संवाद आले. ग्लॅडॉस बजावते की ठोकळा बोलू शकत नाही, आणि बोललाच तर त्याचं ऐकू नका. शेवटी तो भट्टीत टाकल्याशिवाय दार उघडत नाही. तुम्ही पाच सेकंदांत टाका नाहीतर अर्धा तास रेंगाळा, ती एकच सांगते: आजवरच्या कुठल्याही चाचणी-व्यक्तीपेक्षा तुम्ही तो लवकर संपवलात. एकाच ध्वनिमुद्रित वाक्याने अपराधाची भावना तुमच्या गळ्यात पडते, वेळ मोजणारी तर्कजुळणीसुद्धा लागत नाही. त्याच वेळी बटण दाबून भट्टी उघडायची आणि वस्तू आत टाकायची ही क्रिया तुमच्या हातात बसते. शेवटच्या लढतीत नेमकी तीच लागते, फक्त भट्टीत जाणारे तुकडे तिचे असतात.

एकोणिसाव्या कक्षाचा शेवट म्हणजे सरकता फलाट, कोपऱ्यापलीकडे आग आणि आवाजात अभिनंदन. फलाट मुद्दाम संथ आहे. पहिल्यांदा खेळणारा दोन-तीन सेकंद नुसता ऐकत राहतो, मग भिंती बघायला लागतो. फिकट काँक्रीटवर पोर्टल बसतं, काळ्या धातूवर बसत नाही, हा नियम आधीच्या सगळ्या कक्षांनी शिकवलेला असतो. एक पोर्टल पलीकडच्या उंच कठड्याजवळच्या फिकट भिंतीवर, दुसरं हाताशी येणाऱ्या भिंतीवर, आणि सुटका. कोडं अगदी सोपं आहे, तरी सगळ्यांना आठवतं ते हेच, कारण तिचा विश्वासघात आणि तुमची पहिली अवज्ञा एकाच क्षणी घडतात. त्यावर ती म्हणते की आम्ही तुला मारण्याचं नाटक करत होतो. इथेही अजून ‘आम्ही’च.

शरीर दिसतं ते अगदी शेवटच्या खोलीत. त्याआधी रचनाकारांनी तरंगता मेंदू, कोळ्यासारखं यंत्र, अगदी चित्रकार बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची उलटी आकृतीही करून पाहिली होती. ठरलं ते छताला लटकणारं अवजड यंत्र, ज्यातून उलटी टांगलेली, जखडलेली स्त्री-आकृती भासते. पिवळा डोळा, भोवती वेगवेगळ्या रंगांच्या डोळ्यांचे गोळे. ताकद आणि कैद दोन्ही एकाच बाह्यरेषेत आहेत. हालचाल थोडीच आहे: झुलणं, वळणं, रोखून बघणं. इतका वेळ निव्वळ आवाज असलेल्या पात्राला तेवढी पुरते, जास्त दिली असती तर भारी पडली असती.

लढतीत पहिला गोळा आपसूक खाली पडतो. तो नैतिकतेचा कोर, म्हणजे तिला आवर घालणारा भाग. तो भट्टीत टाकला की तिचा आवाज खाली उतरतो, गुळगुळीत आणि माणसासारखा होतो. मग विषारी वायू सुटतो, घड्याळ सुरू होतं आणि क्षेपणास्त्र डागणारा टरेट, म्हणजे आपोआप नेम धरणारी तोफ, वर येतो. टरेट तुमच्यावर नेम धरतो, तेव्हा एक पोर्टल तिच्या रोखाने उघडेल असं लावायचं, दुसरं आपल्या मागच्या भिंतीवर, आणि ऐन वेळी बाजूला व्हायचं. क्षेपणास्त्र आत शिरून तिच्यावर आदळतं, कोर गळतो, तो उचलून जाळायचा. हेच तीनदा.

आणि दोष इथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डोक्याला नवं काही लागत नाही, कोर कुठे पडला एवढंच बदलतं. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे घड्याळ आणि संवाद एकमेकांच्या आड येतात. तिची सर्वांत चांगली वाक्यं याच खोलीत आहेत, पण चपळ हाताचा खेळणारा पुढचा कोर जाळून ती अर्ध्यावर तोडतो. खलपात्राचं स्वगत वेळेच्या स्पर्धेत ठेवलं की असं होणारच. त्यावर एक तोडगा आहे: नैतिकतेचा कोर जाळण्याआधी सेव्ह करा, एकदा जिंकण्यासाठी खेळा आणि एकदा नुसतं उभं राहून ऐका.

२०११ च्या ‘पोर्टल २’मध्ये ग्लॅडॉसला पूर्वायुष्य मिळतं. ते सुंदर लिहिलेलं आहे, पण त्यामुळे तिच्यातलं अनाकलनीय काही कमी होतं हेही खरं. नाव देण्याच्या दृष्टीने तिथला व्हीटली मोलाचा. स्टीफन मर्चंट यांचा बडबडा आवाज, साधं घरगुती नाव, पदनाम नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो आणि सत्ता हाती आल्यावर तोच धोकादायक ठरतो. ग्लॅडॉसच्या नावाची युक्ती उलटी फिरवलेली आहे.

कोणती आवृत्ती घ्यावी? संगणकावरची मूळ आवृत्ती पुरेशी आहे, जुन्या यंत्रावरही ती चालते. २०२२ ची, निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवरची दोन्ही ‘पोर्टल’ची जोडी हातात घेऊन खेळायला सोयीची. त्याच वर्षीची आरटीएक्स आवृत्ती प्रकाश बदलते, तगडं ग्राफिक्स कार्ड मागते आणि खलनायिकेत काहीच भर घालत नाही. कॅप्शन पहिल्यापासून चालू ठेवा, कारण कक्षांतल्या गोळ्या झाडणाऱ्या टरेटच्या गोळीबारात अर्धी वाक्यं बुडतात. (टरेटचे गोड आवाजही मॅकलेन यांचेच.) रचनाकारांचं भाष्य मेनूतून चालू होतं. कक्षांत तरंगणाऱ्या खुणांजवळ जाऊन वापराचं बटण दाबलं की ते ऐकू येतं. पहिल्या खेळीत ते बंद ठेवा, त्यात पुढचं उघड होतं. दुसऱ्या खेळीत वेळ कमी असेल तर सतरावा कक्ष, आगीचा फलाट आणि शेवटची खोली, एवढ्या तीन ठिकाणच्या खुणा चुकवू नका.