बोदलेअर भावंडांची तेरा पुस्तकं : लेकीसोबत वाचून झाल्यावर

या मालिकेबद्दल ओळखीतले पालक पहिला प्रश्न हाच विचारतात : लहान मुलांना इतकं दुःखाचं काही वाचायला द्यावं का? 'अ सीरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स'ची तेराही पुस्तकं लेकीसोबत वाचून झाली आहेत, त्यातली काही तिने नंतर एकटीने पुन्हा वाचली, आणि माझं उत्तर 'जरूर द्यावं' असं आहे. लेक दहा वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात सगळं मराठी. रात्री जेवणं उरकली की मी मोठ्याने वाचायचे आणि अडेल तिथे आम्ही मराठीत बोलायचो. गेल्या पावसाळ्यात सुरुवात केली होती, शेवटचं पुस्तक वार्षिक परीक्षा झाल्यावर संपलं.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मुखपृष्ठावर लेखक म्हणून लेमनी स्निकेट हे नाव असतं. ते टोपणनाव आहे. खरे लेखक डॅनियल हँडलर, सॅन फ्रान्सिस्कोचे. स्निकेट हा कथेतलं पात्रही आहे. तो लपतछपत या भावंडांचा माग काढत हिंडतो आणि त्यांची हकिगत आपल्याला सांगतो. पहिलं पुस्तक 'द बॅड बिगिनिंग' १९९९ साली आलं. तेरावं, 'दि एंड', १३ ऑक्टोबर २००६ रोजी आलं आणि त्या दिवशी शुक्रवार होता. पाश्चात्त्यांकडे तेरा आकडा आणि तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात, म्हणून पुस्तकं तेरा आणि प्रत्येकात प्रकरणं तेरा (फक्त शेवटच्या पुस्तकाला एक चौदावं प्रकरण जोडलेलं आहे). ब्रेट हेल्क्विस्ट यांची चित्रं सगळ्या पुस्तकांत आहेत. प्रत्येक पुस्तकातल्या शेवटच्या चित्रात पुढच्या पुस्तकाची एखादी खूण लपवलेली असते. लेकीला हे कळल्यापासून ती पुस्तक संपलं की आधी ते चित्र घेऊन बसायची.

बोदलेअर भावंडं तीन : व्हायोलेट चौदा वर्षांची, क्लाउस बारा वर्षांचा, आणि सनी अजून रांगणारी, चार धारदार दातांची. घराला आग लागते, आईवडील जातात. बँकेतले मिस्टर पो मुलांना एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे पोचवत राहतात. पहिला पालक काउंट ओलाफ. तो नाटकातला नट आहे, आणि त्याचा डोळा असतो व्हायोलेट सज्ञान होईपर्यंत कुणालाही हात लावता येणार नाही अशा इस्टेटीवर. तिथून सुटका झाली तरी पुढे प्रत्येक ठिकाणी तो सोंग घेऊन हजर होतो : कधी सापांच्या अभ्यासकाचा मदतनीस, कधी लाकडी पायाचा खलाशी, कधी डोळ्यांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, कधी शाळेतला व्यायामशिक्षक. त्याच्या घोट्यावर डोळ्याचा टॅटू आहे. ओलाफ तो पावडरीखाली लपवतो, लाकडी पायाआड लपवतो, बुटांत लपवतो. मुलं त्याला बघताक्षणी ओळखतात. मोठी माणसं ओळखत नाहीत, आणि मुलं जीव तोडून सांगतात तेव्हा ऐकतही नाहीत.

मालिकेचा गाभा हाच आहे. 'मी खरं बोलतोय आणि कुणी ऐकत नाहीये' हे दुःख प्रत्येक मुलाला माहीत असतं. आपल्याकडच्या गोष्टींत मोठ्यांचं ऐकणारं मूल तरतं आणि न ऐकणारं फसतं. शेवटी तात्पर्यही तेच असतं. इथे मोठ्यांवर विसंबणं धोक्याचं आहे. हे मोठे दुष्टही नसतात. मिस्टर पो प्रामाणिक आहेत, सतत रुमालात खोकतात आणि कायम कामाच्या घाईत असतात. न्यायाधीश स्ट्रॉस मनाने फार चांगल्या आहेत. जोसेफिन मावशीला फोनची, दाराच्या मुठीची, इस्टेट एजंटांची, सगळ्याचीच भीती वाटते, पण मुलांवर तिची माया आहे. मला ओलाफपेक्षा या भल्या माणसांची धास्ती जास्त वाटली. ओलाफपासून सावध राहता येतं. मिस्टर पोंपासून कसं राहणार?

ही माणसं ऐकत का नाहीत, याचं हँडलर यांनी दिलेलं उत्तर मला मालिकेत सगळ्यात मोलाचं वाटलं. त्यांची मोठी माणसं तयार वाक्यांवर जगतात. म्हण, नियम, बोधवाक्य असं काहीतरी हाताशी असतं आणि समोरच्या मुलाकडे बघायची गरज उरत नाही. 'द व्हाइल व्हिलेज'मध्ये मूल वाढवायला सगळं गाव लागतं ही म्हण सरकारी योजना होऊन येते. गाव मुलांना दत्तक घेतं आणि अख्ख्या गावाची धुणीभांडी त्यांच्याकडून करून घेतं. 'द हॉस्टाइल हॉस्पिटल'मध्ये स्वयंसेवकांची एक आनंदी टोळी आहे. बातमी नाही म्हणजे सगळं ठीक, या म्हणीवर त्यांची श्रद्धा असल्यामुळे ते वर्तमानपत्रच वाचत नाहीत. औषधाची आणि पाण्याची गरज असलेल्या रुग्णांना ते गाणी ऐकवतात आणि फुगे वाटतात. 'द पेनल्टिमेट पेरिल'मध्ये न्याय आंधळा असतो म्हणून न्यायाधीश सोडून कोर्टात सगळ्यांच्या डोळ्यांवर खरोखरच पट्ट्या बांधायला लावतात. त्या पट्ट्यांआड जे चालतं ते वाचताना आम्ही दोघी आधी हसलो, मग गप्प झालो.

शाळेचं पुस्तक, 'दि ऑस्टीअर अकॅडमी', तर लेकीला तोंडपाठ झालं आहे. वसतिगृहात राहायचं तर परवानगीच्या कागदावर पालकांची सही हवी. या मुलांना पालकच नाहीत. म्हणून त्यांची रवानगी खेकड्यांनी भरलेल्या, छतातून बुरशी टपकणाऱ्या पत्र्याच्या खोपट्यात. व्हाइस प्रिन्सिपॉल नीरो रोज सहा तास भिकार व्हायोलिन वाजवतो, आणि जो ऐकायला येणार नाही त्याने त्याला गोळ्यांची पिशवी विकत आणून द्यायची आणि त्याला त्या खाताना बघत बसायचं. मुलं काही बोलली की तो त्यांचेच शब्द वेडावत परत म्हणतो. असा मोठा माणूस लेकीने पाहिलेला असावा, कारण त्या पानांवर तिचा संताप अगदी खरा होता.

मोठी माणसं शब्द न ऐकता वापरतात, तर मुलं शब्द नीट वाचून जीव वाचवतात. क्लाउस रात्र जागून कायद्याचं पुस्तक वाचतो आणि ओलाफचा डाव ओळखतो. 'द वाइड विंडो'मध्ये जोसेफिन मावशीच्या चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या चुका असतात. सगळे त्याकडे दुर्लक्ष करतात. क्लाउस एकेक चूक मांडतो आणि त्यातून लपण्याची जागा सापडते. सापांच्या पुस्तकातला अतिजहाल नावाचा साप निरुपद्रवी निघतो. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कुठलं तरी ग्रंथालय आहे. लाकडाच्या वखारीतल्या ग्रंथालयात फक्त तीन पुस्तकं आहेत, पण त्यातल्या डोळ्यांवरच्या एका जाड पुस्तकाशिवाय ती गोष्ट पुढे सरकली नसती. व्हायोलेट केस रिबनने बांधून यंत्र जुळवते, सनी चावते आणि पुढे स्वयंपाक करायला लागते. मुलांकडे जादू नाही. जे काही आहे ते वाचलेलं, शिकलेलं, हाताने केलेलं.

निवेदकाची शैली हा या मालिकेचा खरा आनंद आहे. स्निकेट पहिल्या पानापासून बजावतो की हे पुस्तक वाचू नका, खाली ठेवा. मध्येच थांबून तो अवघड शब्दाचा अर्थ सांगतो, आणि तो अर्थ शब्दकोशातला नसतो. मुलांवर त्या क्षणी काय ओढवलंय त्याला चिकटलेला असतो. एके ठिकाणी विजेच्या उपकरणांशी खेळू नका हे सांगताना 'कधीही' हा एकच शब्द जवळपास पानभर येतो. 'दि अर्झात्झ एलिव्हेटर'मध्ये लिफ्टच्या शाफ्टमधला अंधार दाखवायला अख्खी पानं काळी छापली आहेत. सनीच्या एकेका बोबड्या शब्दाचा निवेदक लांबलचक अर्थ देतो. 'द स्लिपरी स्लोप'मध्ये ती ओलाफला जी शिवी देते, ती अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्ष आणि उपाध्यक्षांची आडनावं जोडून केलेली आहे. मोठ्या वाचकासाठी असं बरंच पेरलेलं आहे, शिवाय जुन्या साहित्यातून आणि सिनेमातून उचललेली नावं : बोदलेअर, पो, प्रुफ्रॉक, कॅलिगारी, इश्मेल. मुलाला यातलं काही माहीत नसलं तरी अडत नाही.

हे सगळं मोठ्याने वाचलं तर दुप्पट रंगतं. स्निकेटची वाक्यं लांब, वळणं घेत जाणारी आहेत, आणि त्यांचा विनोद आवाजाच्या चढउतारात आहे.

दुःखाबद्दल मात्र निवेदक कुठेही खोटं बोलत नाही. मॉन्टी काका मुलांना भेटलेला पहिला खराखुरा प्रेमळ पालक, आणि तो मरणार हे स्निकेट आधीच सांगून टाकतो. त्यामुळे त्याच्याबरोबरची प्रत्येक हसरी ओळ वाचताना पोटात तुटतं. माणूस गेल्याची जाणीव कशी होते, हे त्याने अंधारात जिना चढताना नसलेल्या पायरीवर पाय टाकण्यासारखं असतं असं सांगितलंय. आदल्या वर्षी आमच्याकडे लेकीचे आजोबा गेले होते. त्या पानाशी तिने मला थांबवलं, आणि आजोबांबद्दल तोवर न बोललेलं बरंच काही बोलली. 'देवाघरी गेले' या उत्तरावर तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

सातव्या पुस्तकापासून रंग बदलतो. वर्तमानपत्र मुलांनाच खुनी ठरवतं आणि ती परागंदा होतात. आता वेष पालटायची, खोटं बोलायची, चोरून घुसायची पाळी त्यांच्यावर येते. म्हणजे ओलाफच्या सगळ्या युक्त्या त्यांच्या हातात येतात. 'द स्लिपरी स्लोप'मध्ये पळवून नेलेल्या सनीला सोडवायला ती एका बाईला पकडायचा खड्डा खणतात, आणि खणता खणता त्यांना प्रश्न पडतो की मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय. बाराव्या पुस्तकात तर एका आगीला त्यांचाही हात लागतो, आणि त्यांचं सगळं आयुष्य आगीनेच उद्ध्वस्त झालेलं असतं. मुलांच्या पुस्तकात नायकांना इतक्या कठीण जागी नेऊन उभं करणारे लेखक थोडे. लेक तेव्हा बोदलेअरांच्या बाजूने माझ्याशी भांडली. मी दुसरी बाजू धरली. ते भांडण कित्येक दिवस चाललं.

तक्रारीही आहेत. दुसरं, तिसरं आणि चौथं पुस्तक एकाच साच्यातलं आहे : नवा पालक, नवं सोंग, मिस्टर पोंचा अविश्वास, शेवटी पलायन. 'द मिझरेबल मिल' सगळ्यात कमकुवत. पाचव्या पुस्तकात क्वॅगमायर भावंडं येतात, व्ही.एफ.डी. ही एका गुप्त संघटनेची अक्षरं पहिल्यांदा कानावर पडतात आणि गोष्टीला मोठा पट मिळतो. तोवर धीर धरावा लागतो. ओलाफच्या टोळीत पुरुष की बाई हे न कळणारं एक पात्र आहे आणि त्याचं वर्णन नुसतं किळस आणण्यासाठी केलेलं आहे. ते मला आवडलं नाही, तिथे वाचन थांबवून मी लेकीशी बोलले. पहिल्या पुस्तकात ओलाफ चौदा वर्षांच्या व्हायोलेटशी नाटकाच्या आडून लग्न लावायला बघतो, हेही पालकांनी आधीच माहीत करून घ्यावं. घरात अगदी ताजा मृत्यू झाला असेल तर थोडं थांबून सुरुवात करा.

शेवटाबद्दल वाचकांत दोन तट आहेत. सगळे जिच्या मागे असतात त्या साखरदाणीत काय होतं, व्ही.एफ.डी.त नेमकं कोण कुणाच्या बाजूने होतं, यातलं बरंच 'दि एंड' उलगडत नाही. लेक चिडली. मला तो शेवट योग्य वाटतो. शेवटच्या पुस्तकात एक बेट आहे आणि तिथला म्हातारा इश्मेल सगळ्यांना जगाच्या त्रासापासून लांब, सुरक्षित, अजाण ठेवतो. बोदलेअरांना तिथे राहता आलं असतं. तेरा पुस्तकं जाणून घ्यायची धडपड केलेली मुलं तिथे काय निवडतील, याला हँडलर यांनी दिलेलं उत्तर मला पूर्ण पटलं. शिवाय तेरावं पुस्तक वाचल्यावर प्रत्येक पुस्तकाची, स्निकेटने आपल्या दिवंगत प्रेयसीला, बिअट्रिसला केलेली अर्पणपत्रिका पुन्हा वाचावी. लेक त्या सगळ्या ओळी एका वहीत उतरवून बसली आहे.

जिम कॅरीचा २००४ चा चित्रपट पहिल्या तीन पुस्तकांवर आहे. तो सोडला तरी चालेल. नेटफ्लिक्सची २०१७ ते २०१९ मधली मालिका चांगली आहे, पण ती पुस्तकांनंतर बघा, कारण तिथे साखरदाणीचं उत्तर दिलेलं आहे. पुस्तकं क्रमानेच वाचावीत. नऊ-दहा वर्षांच्या मुलासोबत मोठ्याने वाचावीत, बाराच्या पुढच्या मुलाच्या हातात सरळ द्यावीत. तेराच्या तेरा एकदम विकत घ्यायची गरज नाही. पहिली दोन कुठल्या वाचनालयातून मिळाली तर बघा, आणि मॉन्टी काकाच्या मृत्यूनंतर मूल पुढचं पुस्तक मागतंय का ते पाहून ठरवा.