अर्धा गुंठा आणि एकच झाड: चिकू की पेरू?

घर बांधून झालं की मागं अर्धा गुंठा उरतो, त्यात फळझाड नीट बसतं एकच. आंबा मी धरतच नाही, एवढ्याशा जागेत आंबा म्हणजे शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. कोल्हापुरातला नर्सरीवाला बहुतेक वेळा कालीपत्ती चिकू नाहीतर सरदार पेरूचं कलम पुढं करतो, तेव्हा या दोघांचंच बोलू.

झाड म्हणून चिकू देखणा. बारा महिने हिरवा, सावली दाट, औषधं मारायची कटकट कमी. सासरवाडीला एक आहे, येईल त्या पाहुण्याला पिशवी भरून जाते. पण पसरतो लई. बागेत दोन चिकूंत 10 मीटर सोडतात, पेरूला 6 पुरतात, यावरनं काय ते समजा. पेरूला नव्या फुटीवर फळ धरतं, त्यामुळं दरवर्षी छाटून हाताला येईल एवढाच ठेवता येतो.

माझं मन फिरलं ते मात्र चिकू उतरवायच्या भानगडीनं. कच्चा काय, तयार काय, सगळे तपकिरीच. सासूबाई म्हणतात नखानं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर राहू द्या, पिवळसर दिसलं तर काढा, अंगावरची भुकटी सहज निघाली तरी झाला तयार. बरोबरच आहे त्यांचं, पण शिडीवर चढून एकेक फळ खरवडत कोण बसणार, आणि घाई करून काढलं की घरात नुसतं रबर होऊन पडतं, खाल्लं तर ओठ चिकटतात. थांबावं म्हटलं तर रात्री वटवाघळं हजर, सकाळी खाली अर्धवट खाल्लेल्यांचा सडा. त्यांना बरं कळतं कुठला पिकलाय ते!

पेरूचं तसं नाही, रंग उजळला, वास सुटला की पोरंसुद्धा बरोबर तोच तोडतात, तिखट-मीठ घेऊनच जातात झाडाखाली. (सरदारला लखनौ-49 म्हणतात, पण निवडला गेला पुण्यात गणेशखिंडीत.)

आता अळी. पावसाळी पेरूत फळमाशीची अळी असतेच, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीय. म्हणून मी आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला फुलून पावसाळ्यात फळ देणारा बहार, घेतच नाही. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, आलेली फुलं काढून टाकायची, मेमध्ये हलकी छाटणी, मग पावसावर मृग बहार फुटतो आणि फळ थंडीत येतं. तरी एखादं किडकं निघतंच. मिथाइल युजेनॉलच्या (फळमाशीच्या नराला ओढणारं वासाचं औषध) सापळ्यात नरच अडकतात, माद्या शेजारच्या झाडावरनं येतात, म्हणून मी फळांना कागदी पिशव्या बांधतो. हा कुटाणा आहे, पण जमिनीवर उभं राहून होतो.

घरात वयस्कर माणसं असतील तर मात्र पेरूच्या बिया त्यांना चाववत नाहीत, मग चिकूचा विचार करा, तोही बाजूला मोकळी जागा असली तरच. नाहीतर पेरू घ्या, आणि काळी जमीन असेल तर थोडा उंचवटा करून लावा, बुडात पाणी साचायला नको.