लंडनच्या लॉ फर्मचा इंटरव्ह्यू आणि गेलेले दीड लाख

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं-पोरी एलएलबी झाली की आता इंग्लंडातल्या लॉ फर्मना अर्ज करतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला फसवणाऱ्याला हा विषय खरंच येत होता आणि धोका तिथेच आहे.

धुळे कोर्टात ज्युनिअरशिप करत असताना वकिलांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची जाहिरात आली. परदेशी उमेदवारांसाठी इंटरव्ह्यूची तयारी, फी १५,००० रुपये. शिकवायचा चांगलं. वॉटसन ग्लेझर चाचणीत, म्हणजे बऱ्याच लॉ फर्म घेतात त्या तर्काच्या परीक्षेत, उताऱ्याबाहेरचं स्वतःचं ज्ञान वापरायचं नाही, हे त्यानेच माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. ‘आमचीच फर्म का?’ असं विचारलं तर वेबसाइटवरची स्तुती त्यांनाच ऐकवू नकोस, त्यांनी केलेला एखादा व्यवहार घे आणि त्यावर बोल, म्हणाला. कमर्शियल अवेअरनेस, म्हणजे धंदा-बाजाराची जाण, यासाठी त्याने मला कापसावरच बोलायला लावलं. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव पडला तर आपल्या जिनिंगवाल्याच्या कर्जाचं आणि करारांचं काय होतं? पारोळ्याच्या पोरीला याहून सोपा विषय कोणता! माणूस चोर निघाला, पण ही तयारी आजही कामाची आहे.

मग त्याचा सूर बदलला. लंडनच्या एका फर्मच्या ‘पार्टनर’ला माझा सीव्ही आवडला म्हणे. व्हिडिओवर मुलाखत झाली, समोरचा कॅमेरा ‘बिघडलेला’. प्रश्न तेच, जे आम्ही घोटले होते. पाठोपाठ ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे सॉलिसिटर होण्याआधी फर्ममध्ये करायच्या उमेदवारीचं, पत्र. फर्मचं नाव खरं, एसआरएचा (तिथल्या सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नंबरही खरा. मी तो एसआरएच्या सॉलिसिटर्स रजिस्टरवर पाहिला आणि जुळला. ईमेलचा पत्ता मात्र फर्मच्या खऱ्या पत्त्याहून एका अक्षराने वेगळा होता. खऱ्या फर्मचं नाव-नंबर उचलून असे तोतये फिरतात, एसआरए स्वतः त्यांच्याबद्दल इशारे देत असते.

पत्रात सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपसाठी (नोकरीच्या व्हिसाला लागणारा मालकाचा दाखला) १,३५,००० रुपये मागितले होते, तेही आजच्या आज. आप्पांनी कापसाचे पैसे काढले. आजी ओट्यावरून म्हणाली, “जो नोकरी देस, तोच पैसा मांगस का वं माय?” घाईत तिला कुणी उत्तरच दिलं नाही.

हे सर्टिफिकेट फर्मने द्यायचं असतं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी त्याची फी उमेदवाराकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार उमेदवाराच्या नावावर असतो, पण तो ब्रिटन सरकारच्या साइटवर भरायचा, कुणाच्या बचत खात्यात नाही. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी त्याच साइटवर फुकट पाहता येते. व्हेकेशन स्कीमला (सुट्टीत फर्ममध्ये काही आठवडे काम करून बघायची संधी) तर फर्मच उमेदवाराला पैसे देते. ‘जागा बुक करायची फी’ कुणी मागितली तर तिथेच थांबा.

माझ्या मैत्रिणीला त्याने एसक्यूई-१, म्हणजे इंग्लंडात सॉलिसिटर व्हायच्या परीक्षेचा पहिला टप्पा, ‘मॅनेज करून देतो’ असं सांगितलं होतं. ३६० प्रश्नांची परीक्षा, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात कॉम्प्युटरवर द्यायची. त्यात हा काय मॅनेज करणार? परदेशी वकिलाला त्यातून सूट हवी असेल तर अर्ज थेट एसआरएकडे करायचा, मध्ये दलाल लागत नाही.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. खातं परराज्यातल्या भलत्याच माणसाचं निघालं. त्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली आहे. त्याने शेवटचे मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले होते. पत्र, ईमेल आणि बँकेचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर हाताशी होता म्हणून तक्रार उभी राहिली. स्क्रीनशॉट त्याच वेळी काढत जा.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरातीचा ऑडिओ आला. आवाज त्याचाच. आता कॅनडाच्या फर्मसाठी तयारी करून घेतोय, फी २०,००० रुपये.