ओट्याच्या पायऱ्यांवर नवा थर: साधं सिमेंट, पॉलिमर की कोटा?

"एक गोणी लई या भाऊ, हुई जाई." पायऱ्यांना किती माल लागेल असं विचारलं की मिस्त्रीचं हे उत्तर ठरलेलं. कधी ते बरोबर निघतं, कधी संध्याकाळी चार वाजता दुकानाकडे पळावं लागतं. फरक पडतो तो थराच्या जाडीने आणि मोजायच्या राहून गेलेल्या बाजूंनी.

जळगाव-धुळ्याकडे घरापुढे असतात तशा 5 पायऱ्या धरू. लांबी 4 फूट, पाय ठेवायची जागा 10 इंच, उभी बाजू 6 इंच. पायऱ्या 5 असल्या तरी उभ्या बाजू 6 येतात, कारण शेवटच्या पायरीवरून ओट्यावर चढायचं असतं. सगळं मिळून साधारण 29 चौरस फूट, म्हणजे 2.7 चौरस मीटर. दोन्ही कुशी, म्हणजे डाव्या-उजव्या बाजू, उघड्या असतील तर आणखी साडेबारा चौरस फूट वाढले. हे जवळजवळ निम्मं काम झालं, आणि नेमकं हेच कुणी धरत नाही.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे तुटलेली कड. 4 फूट लांबीची कड 5 सेंटिमीटर बाय 5 सेंटिमीटर तिरकी उडालेली असेल, तर एका पायरीला दीड लिटर माल नुसता ती भरायला जातो. पाच पायऱ्यांचे साडेसात लिटर.

आता साधा सिमेंटचा थर, 1:3 मालाचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू), 20 मिलिमीटर जाड. थराला 54 लिटर आणि कडांचे साडेसात, असा साडेएकसष्ट लिटर ओला माल लागतो. ओल्याचा सुका काढताना तिसरा हिस्सा वाढवायचा, त्याचा चौथा भाग सिमेंट. नासधूस 15 टक्के धरली तर सिमेंट 34 किलो, वाळू अडीच घनफूट. खाली मारायच्या सिमेंटच्या घोळाला 7 किलो. म्हणजे कुशी झाकलेल्या असतील तर मिस्त्रीची 50 किलोची एक गोणी खरोखर पुरते. उघड्या असतील तर नाही पुरत. वाळू एवढीशी ब्रासच्या भावाने कोण देणार? गोणीत भरून मिळते ती घ्यावी. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, चालते, फक्त बारीक भुकटी जास्त असली तर थराला केसासारख्या चिरा जातात.

हा पर्याय सगळ्यात स्वस्त, पण 20 मिलिमीटरपेक्षा पातळ करू नये. आपल्याकडच्या उन्हात पातळ थर पोकळ वाजायला लागतो. शिवाय सात दिवस गोणपाट ओला ठेवावा लागतो. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराने याचा विचार आधीच करावा.

पॉलिमरचा माल, म्हणजे चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा माल, 10 मिलिमीटरवर भागतो. तयार गोणीचा हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरला एक मिलिमीटर जाडीसाठी सुमारे 2 किलो. आपल्या पायऱ्यांना कडा धरून 69 किलो, 10 टक्के नासधुशीसकट 76. म्हणजे 25 किलोच्या 3 गोण्या थोडक्यात कमी पडतात, चौथी घ्यावीच लागते. त्यापेक्षा एसबीआर लेटेक्सचा (सिमेंटात मिसळायच्या पातळ रबरी रसायनाचा) डबा आणून माल जागेवर कालवणं मला जास्त पटतं. सिमेंट 19 किलो, आणि 50 किलोला 10 लिटर या प्रमाणाने लेटेक्स 4 लिटर. याला एक दिवस ओलं ठेवलं की पुढे हवेवर सुकू द्यायचं, पाणी वाचतं. अट एवढीच की खालचा घोळ ओला असतानाच वर माल पडला पाहिजे. भुसावळच्या दुपारी तो बघता बघता सुकतो आणि मग चिकटायचं सोडून मधे पापुद्रा होऊन बसतो. एका वेळी एकाच पायरीला घोळ मारायचा, तोही सकाळी.

कोटा दगडाची फरशी दिसायला उजवी. पायरीची फरशी कडेबाहेर एक इंच काढली तर 30 चौरस फूट, कापाकापीसकट 34 मागवावा. कड गोल करून घ्यायची मजुरी वेगळी, 20 रनिंग फुटांची. पायरीला 4 फुटांचा अखंड तुकडा मागा. जोड आला की तिथूनच पाणी शिरतं. खालच्या मालाला सिमेंट एक गोणीच्या आतच लागतं. गुळगुळीत पॉलिश मात्र बाहेरच्या पायऱ्यांना नको, पावसाळ्यात घसरायला होतं.

कोट्याची खरी अडचण उंचीची. फरशी आणि खालचा माल मिळून दीड इंच चढतात. मधल्या पायऱ्या एकसारख्या वर जातात, पण सगळ्यात खालची साडेसात इंच होते आणि ओटा तसाच ठेवला तर वरची साडेचारच उरते. घरांसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेची कमाल मर्यादा 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचच. ओटाही उचलायचा म्हटलं तर दार अडकेल का ते आधी पाहा. साध्या थराने हा फरक पाऊण इंचाचा राहतो, पॉलिमरने अर्ध्या इंचाहून कमी.

म्हणून पायऱ्या नुसत्या झिजल्या असतील तर लेटेक्स, खड्डे खोल असतील तर साधा थर, आणि ओट्यासकट सगळंच करायचं असेल तर कोटा, असं मी सुचवेन.

माल मागवण्याआधी पायऱ्या आणि ओटा यांच्यातली फट बघा. काळ्या मातीवर बांधलेल्या पायऱ्या पावसाळ्यात फुगून उचलल्या जातात, उन्हाळ्यात खचतात. फट दर वर्षी वाढत असेल तर वरून काहीही लावा, ते तिथेच तडकणार. अशा पायऱ्या फोडून, खालची माती काढून, मुरूम धुम्मस करून भरावा आणि पायऱ्या नव्यानेच बांधाव्यात.