फीड कुठे वाचावेत: फोनवरच्या अ‍ॅपमध्ये की सर्व्हरवरच्या रीडरमध्ये?

गूगल रीडर ही गूगलची फीड वाचायची सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाली, तेव्हापासून मी दोन्ही तऱ्हा वापरल्या. आधी बरीच वर्षं फोनवरचं एक मोफत अ‍ॅप, आणि आता इनोरीडर ही सर्व्हरवर चालणारी सेवा. फीड म्हणजे संकेतस्थळावरच्या ताज्या लिखाणाची यादी, आणि ती आणून आपल्याला दाखवतो तो रीडर. आता थेट निवडीवर येतो.

फोनवरच्या अ‍ॅपवर माझा खरंच जीव होता. खातं उघडायला नको, लॉगिन नको, आपण काय काय वाचतो याची यादी तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. आणि उतरलेला मजकूर आपल्यापाशीच राहतो. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं परतताना कसारा घाटात रेंज गेली तरी माझं वाचन कधी थांबलं नाही. अर्थात ज्यांच्या फीडमध्ये पूर्ण लेख येतो त्यांचंच; नुसत्या चार ओळी देणाऱ्यांचं तिथे काही चालत नाही.

मग एका दिवाळीत धारणीच्या पुढे मेळघाटच्या जंगलातल्या एका गावात अकरा दिवस राहणं झालं. तिथे नेटवर्क नव्हतं. नागपूरला आल्यावर अ‍ॅप उघडलं, सगळं भराभर उतरलं, मी दोन दिवसांत वाचून संपवलं. अनरीड शून्य. महिन्याभरानं मित्राशी गोसेखुर्द धरणाच्या कालव्यांवरच्या एका लेखमालेबद्दल बोलताना कळलं की तिचे मधले चार भाग मला दिसलेच नव्हते.

आधी वाटलं अ‍ॅप बिघडलं. तसं नव्हतं. फीडमध्ये संकेतस्थळाचं सगळं लिखाण नसतंच, फक्त ताजं तेवढं असतं. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे १० लेख असतात, यूट्यूब चॅनेलच्या फीडमध्ये १५ व्हिडिओ. अकरावा लेख आला की पहिला खाली पडतो. अ‍ॅपनं मधल्या काळात फीड आणला नाही, तर पडलेलं त्याला कधी दिसतच नाही. जंगलात न जाताही हे होतं: फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स थांबवतो, आणि आपण दोन-तीन दिवस अ‍ॅप उघडलं नाही की तेवढ्यातच काहीबाही निसटतं. निसटलं याचं मला फारसं वाईट वाटलं नसतं. पण समोर शून्य दिसत होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. आपलं सगळं वाचून झालं, ही खात्री मिळावी म्हणूनच तर मी फीड वापरतो. तीच खोटी निघाली, तिथे माझं मन उडालं.

सर्व्हरवरचा रीडर आपला फोन बंद असला तरी फीड आणत राहतो. यंदा उन्हाळ्यात आठ दिवस काही उघडलं नाही, तरी सगळं जागच्या जागी होतं. दुसरी सोय नंतर लक्षात आली: सकाळी लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत जे वाचतो, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा नवं म्हणून समोर येत नाही.

उणिवा आहेत. खातं लागतं. मोफत योजनेत जाहिराती दिसतात, आणि कमी लोक वाचतात ते फीड थोडे उशिरा येतात असा माझा अनुभव. मोजून पाहिलेलं नाही. सुटीनंतर पाचशे-सहाशे अनरीडचा ढीग समोर येतो, काहींना त्याचंच दडपण येतं. मला तो मथळे चाळत उपसायला आवडतो.

तुमची यादी दहा-पंधरा ब्लॉगांची असेल, तेही आठवड्याला एखादं लिहिणारे, आणि फोन रोज हातात असेल, तर अ‍ॅप पुरेसं आहे. तिथे मी आग्रह धरणार नाही. पण यादीत रोज वीस बातम्या टाकणारं एखादं जरी संकेतस्थळ असेल, तर मी सर्व्हरकडेच बोट दाखवीन. आयफोनवाल्यांना मधला मार्गही आहे: नेटन्यूजवायर हे मोफत अ‍ॅप इनोरीडरच्या खात्याला जोडता येतं, म्हणजे फीड आणायचं काम सर्व्हरचं आणि वाचन अ‍ॅपमध्ये.

कुठेही गेलात तरी ओपीएमएल फाइल, म्हणजे आपण कोणकोणते फीड वाचतो त्याची यादी असलेली फाइल, महिन्याकाठी उतरवून ठेवा. २०१३ मध्ये माझी यादी त्या एका फाइलमुळेच वाचली.