पोस्टग्रेसमधला नल: कोष्टक पक्कं, उंबरठे कच्चे

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये न भरलेल्या, अज्ञात मूल्याला नल म्हणतात. त्याला शिव्या घालणारे बहुतेक जण चुकीच्या जागी बोट ठेवतात. अँड, ऑर, नॉट इथे चोख चालतात. तर्कशास्त्रज्ञ क्लीनीने 1938 मध्ये मांडलेलं त्रिमूल्य (खरं, खोटं, अज्ञात) कोष्टकच आहे ते: खोटं अँड अज्ञात म्हणजे खोटं, खरं ऑर अज्ञात म्हणजे खरं. नल नसेल तर नेहमीचं द्विमूल्य तर्कशास्त्र जसंच्या तसं हाती येतं. नल आला की मात्र सर्वतः सत्य विधानंही ढासळतात. ‘वय = 18 ऑर वय <> 18’ लिहा (<> म्हणजे ‘समान नाही’), वय न भरलेली ओळ तरीही गायब!

खरी गोची उंबरठ्यावर आहे. शेवटी ओळ ठेवायची की टाकायची, एवढंच ठरवायचं असतं, आणि तिथे प्रत्येक कलमाचा कायदा वेगळा. ओळी निवडणारं वेअर अज्ञाताला बाहेर काढतं, नोंद साठवताना अट तपासणारं चेक आत घेतं. म्हणून ‘चेक (रक्कम > 0)’ असूनही रिकामी रक्कम बिनबोभाट जमा होते. सोबत नॉट नल (रिकामं चालणार नाही, ही अट) लावायलाच हवं.

सर्वांत महाग पडतं ते ‘यादीत नाही’ हे तपासणारं नॉट इन. सोसायटीच्या थकबाकीदारांची, म्हणजे पावत्यांत नसलेल्या फ्लॅटांची, यादी काढायची आहे, पावत्यांत 102 आहे आणि एका पावतीवर फ्लॅट नंबरच नाही. 101 साठी हिशेब असा: 101 <> 102 खरं, 101 <> नल अज्ञात, दोन्हींचं अँड अज्ञात. 101 यादीतून बाद, बाकीचेही बाद. शून्य ओळी, एररही नाही. त्याऐवजी नॉट एक्झिस्ट्स (‘अशी ओळच नाही’ ही तपासणी) वापरा.

‘जर प तर क’साठी काही जण बूलियनवर (खरं-खोटं मूल्यांवर) <= चालवतात. दोन मूल्यांपुरतं ते बरोबर आहे, पण ‘खोटं <= नल’ नल देतं आणि क्लीनीच्या कोष्टकात तिथे खरं येतं. सरळ ‘नॉट प ऑर क’ लिहावं. अनेक ओळींची मूल्यं अँडने जोडणारं बूल-अँड तर नल वगळूनच मोजतं: खरं आणि नल दिले की उत्तर खरं. एकही ओळ नसेल तर नल, जिथे अभिजात तर्क ‘सर्व’ला खरं म्हणतो.

तुलनेला इज डिस्टिंक्ट फ्रॉम (नललाही एक मूल्य धरून ‘वेगळं आहे का’ ते सांगणारं) आहे. लांबलचक, पण भरवशाचं. ओळींचे गट करणारं ग्रुप बाय सगळे नल एकत्र बांधतं, पुनरावृत्ती रोखणारं युनिक मात्र त्यांना वेगवेगळे मानून कितीही घुसू देतं. 2022 च्या 15 व्या आवृत्तीपासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ लिहून हे बंद करता येतं.